भीमथडीचें तट्टू आणि त्याचें म्हातारपण

इतिहासाच्या पुस्तकांत घोडा सर्वत्र असतो आणि कोठेंच नसतो. अमुक सरदाराबरोबर दहा हजार घोडा होता, अमुक लढाईंत दोन हजार घोडा पडला, असें आपण वाचतों व पान उलटून पुढें जातों. ह्या वाक्यांतला 'घोडा' हा शब्द एकवचनी असून अनेकांचा वाचक आहे, आणि बहुधा त्याचा अर्थ घोड्यावर बसलेला माणूस असाच घ्यावयाचा असतो. ज्या जनावराच्या पाठीवर मराठ्यांचें राज्य उभें राहिलें, त्याचें काम संपल्यावर काय झालें, तें थकल्यावर त्याला चंदी-वैरण कोणी घातली, हा प्रश्न आमच्या अभ्यासांत क्वचितच येतो. आम्ही स्वतः तीस वर्षें इतिहास शिकवीत आहों. आम्हांसही तो कधीं सुचला नव्हता. तो सुचला तो ग्रंथालयांत नव्हे, तर इंदापूर तालुक्यांतील एका स्नेह्यांच्या गोठ्यांत.

हे आमचे स्नेही माध्यमिक शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांच्या घरीं भीमथडी जातीची जोडी होती. त्यांपैकीं एक घोडा गेल्यावर दुसरा खाईना, ठाणावर फेऱ्या घालून रात्र रात्र खिंकाळूं लागला. पशुवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं, ह्याला औषध नको, सोबत हवी. घोडा हा मुळांत कळपाचा प्राणी. एकटेपणांत त्याची झोपही पुरी होत नाहीं, कारण कळपांत कोणीतरी उभें राहून पाहरा करीत असेल तरच तो निर्धास्त आडवा होतो. शहराबाहेर कांहीं तरुण मंडळी आपापल्या नोकऱ्या संभाळून टाकून दिलेलीं घोडीं-गाढवें आणून जगवितात, असें मास्तरांच्या कानीं आलें. तेथून त्यांनीं एक घोडी आणिली. वरातींत आणि पर्यटकांच्या रपेटींत राबून ती पुढल्या पायानें अधू झालेली. वय दांतांवरून अठरा-वीसचें. नेण्यापूर्वीं ग्लँडर्स ह्या घातक सांसर्गिक रोगासाठीं तिचें रक्त तपासलें गेलें, मास्तरांचें ठाण पाहिलें गेलें, आणि एक कागद लिहून घेतला गेला: हिच्यावर बसावयाचें नाहीं, ओझें घालावयाचें नाहीं, हिची वीण घ्यावयाची नाहीं, हिला विकावयाचें नाहीं, संभाळणें न झाल्यास परत आणून द्यावयाची.

तो कागद वाचून आम्हीं विचारलें, "मास्तर, मग हिचा उपयोग काय?"

मास्तर म्हणाले, "सर, ही त्याच्याजवळ उभी राहते."

हें उत्तर ऐकून आम्ही हंसलों खरे, परंतु परतीच्या वाटेवर तें आमच्या मनांतून जाईना. ज्या प्रदेशांतून आमची गाडी चालली होती, त्या प्रदेशाचें नांवच मुळीं घोड्याच्या नांवाशीं जोडलेलें आहे, आणि तेथेंच एका इतिहासाच्या प्राध्यापकानें घोडीचा उपयोग विचारावा, ह्यांत कांहींतरी चुकल्यासारखें वाटूं लागलें.

भीमथडी म्हणजे भीमेचा कांठ. भीमा, नीरा आणि कऱ्हा ह्या नद्यांच्या मधला हा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस थोडा, जमीन नदीकांठीं काळी आणि इतरत्र खडकाळ, मैलोगणती माळ, त्यावर पावसाळ्यांत उगवणारें आंखूड पण कसदार गवत. बागाइती मुलखांत जनावरें मोठीं होतात. ह्या माळांवर तीं चिवट होतात. दक्षिणेंतील सुलतानांच्या काळीं समुद्रमार्गानें आलेल्या अरबी व इराणी घोड्यांचें रक्त येथल्या देशी तट्टांत मिसळून ही जात तयार झाली, असें सामान्यतः मानतात. दिसावयास ठेंगणी, छातीनें भरदार, खुरांनीं कठीण. थोड्या वैरणीवर आणि मिळेल त्या पाण्यावर दूरची मजल मारणारी. अरबी घोड्याशेजारीं उभें केलें तर ह्या तट्टाकडे कोणी पाहणार नाहीं. परंतु घाट चढावयाचा, ओढा उतरावयाचा, आणि संध्याकाळीं मूठभर चंदीवर समाधान मानून पहांटे पुन्हा निघावयाचें असेल, तर अरबी घोडा मागें राहील.

ह्या मुलखाचा भोसल्यांच्या घराण्याशीं आरंभापासून संबंध. पुणें आणि सुपें हे परगणे मालोजीराजांच्या जहागिरींतले. इंदापूरच्या लढाईंत ते पडले. बारामती तालुक्यांतील हेंच सुपें शिवाजी महाराजांनीं १६५६ च्या सुमारास मोहित्यांकडून ताब्यांत घेतलें. पुढें मराठी फौज वाढली तसे तींत दोन प्रकारचे स्वार झाले. ज्याला सरकारच्या पागेंतून घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. ह्या भेदांत घोड्याच्या नशिबाचेंही बीज आहे. बारगिराचा घोडा मेला तर सरकारचें नुकसान. शिलेदाराचा मेला तर त्याचें घर बसलें. म्हणूनच शिलेदार घोड्यास जपे. आणि कित्येकदां लढाईंत तो फार पुढें घुसावयासही कचरे, असा आरोप त्याच्यावर होत असे. भीमथडीच्या घराघरांतील शिंगरूं म्हणजे त्या घरची ठेव असे.

महाराजांचें घोड्यांविषयींचें एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणनजीक हलवर्ण येथें छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांस तें लिहिलेलें आहे. त्यांतील काळजी राजाची आहे कीं घरच्या वडीलधाऱ्या माणसाची, असा प्रश्न वाचणारास पडतो. दाणा-वैरण आतांच मनास येईल तशी उडवाल, तर भर पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग रयतेच्या घरांतून कोणी दाणा, कोणी भाजी, कोणी लांकूड आणावयास लागाल, आणि लोकांस मोंगल परवडला असें वाटेल. रात्रीं दिवा तसाच ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीस आग लागेल. मग एकही घोडें वांचावयाचें नाहीं. उंदराच्या तोंडांतील वातीपर्यंत ज्याची नजर पोंचते, त्याच्या राज्याला पाया होता ह्यांत नवल नाहीं. घोड्यावरील दया आणि रयतेवरील दया हीं त्या पत्रांत एकाच श्वासांत आलीं आहेत, हें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे.

तरीपण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही काळजी कामाच्या घोड्याची आहे. थकलेल्या घोड्याचें काय? ह्या बाबतींत आपल्या परंपरेंत एक फार जुना आधार सांपडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण आहे. घोड्यांची नोंद, त्यांचें ठाण, त्यांचा आहार, त्यांच्या चाली ह्यांचा कडेकोट हिशेब मांडणारा तो ग्रंथकार मध्येंच सांगतो कीं, जे घोडे युद्धानें, रोगानें किंवा म्हातारपणानें कामास मुकले असतील त्यांना पोटापुरतें खाणें देऊन पोसावें. कौटिल्यास कोणी हळव्या मनाचा म्हणणार नाहीं. ज्यानें पैशाच्या अफरातफरीचे चाळीस प्रकार मोजले, त्यानें हा खर्च मात्र अफरातफर मानला नाहीं.

पाश्चात्त्य वाङ्मयांत ह्याचें दुसरें उदाहरण प्लूटार्कनें लिहिलेल्या केटोच्या चरित्रांत आहे. थोरला केटो हा रोमचा काटकसरी, करारी पुरुष. स्पेनची मोहीम आटोपून परततांना, गलबताच्या भाड्याचा भार सरकारवर पडूं नये म्हणून त्यानें आपला लढाऊ घोडा तेथेंच सोडला. ह्याला थोरपणा म्हणावें कीं कोतेपणा, तें वाचकांनींच ठरवावें, असें प्लूटार्क म्हणतो. परंतु त्याचें स्वतःचें मत लपत नाहीं. सजीव प्राण्यांस जोड्यासारखें किंवा भांड्यासारखें झिजेपर्यंत वापरून फेकूं नये, असें तो सांगतो. आणि अथेन्स येथें देवालयाच्या बांधकामावर राबलेल्या एका खेंचरास सरकारी खर्चानें जन्मभर पोसल्याची हकीकतही देतो. मगधांतला मुत्सद्दी आणि ग्रीसमधला चरित्रकार, दोघेही एका घोड्यापाशीं येऊन एकच गोष्ट बोलतात, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें.

१७५८ सालीं मराठी घोडा अटकेपर्यंत पोंचला. १७६१ सालीं पानिपतावर, लढाईपूर्वींच, तो वैरणीवांचून अर्धमेला झाला. आणि १८१८ सालीं राज्यच गेलें. सैन्यें मोडलीं तेव्हां शिपाई घरीं परतले, कित्येकांनीं नांगर धरला. पण घोडा नांगर धरीत नाहीं. कंपनी सरकारनें भीमा आणि घोड नद्यांच्या बाजूस आलेगांव येथें पैदाशीची पागा ठेविली होती. त्या गांवास आजही आलेगांव पागा म्हणतात. शिलेदारीची पद्धतही इंग्रजांनीं आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली आणि ती १९२१ च्या पुनर्रचनेपर्यंत चालली. परंतु रिसाल्यास उंच घोडा हवा होता, आणि भीमथडीचें तट्टू उंच नव्हतें. दरबारानें टाकलें, फौजेनें टाकलें. मग तें वांचलें कसें?

त्याला वांचविलें धनगरांनीं. बारामती, इंदापूर, दौंड ह्या तालुक्यांतील मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास आपले वाडे घेऊन घाट उतरतात, कोंकणांत रिकाम्या भातखाचरांतून मेंढरें बसवितात, आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा माळावर परततात. पुरुष मेंढरांमागें जातात. घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या तळावर नेण्याचें काम बायका करितात. भांडींकुंडीं, वाकळा, जाळीं, त्यांवर कोंबड्या, पोत्यांतून मान बाहेर काढलेलीं कोंकरें, आणि सर्वांच्या वर कधीं कधीं एखादें निजलेलें मूल, असा हा स्वार असतो. ज्या पाठीवर एके काळीं पेशव्यांचा शिलेदार बसे, त्याच पाठीवर हें मूल झोंपा घेत घाट उतरतें. आमच्या मतें ह्यांत घोड्याची अवनति झाली नाहीं. राज्यें गेलीं, पण त्याचें काम आणि त्याची सोबत टिकली. आज भीमथडी घोडा म्हणून जो आपण पाहतों, तो इतिहासाच्या पदव्या मिळवलेल्यांनीं राखलेला नाहीं. ज्यांना शाळेचा दरवाजा क्वचितच लाभला त्यांनीं राखला आहे.

परंतु त्यांचीही वाट आतां अरुंद झाली आहे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा झाला, माळावर ऊंस आला. विसाव्या शतकांत वालचंदनगर, माळेगांव, भवानीनगर येथें साखर कारखाने उभे राहिले. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि इंदापूर तालुक्यांतील भीमेचा जुना कांठ, पळसदेवच्या देवळासह, पाण्याखालीं गेला. ज्या थडीवरून घोड्यास नांव मिळालें तीच थडी जलाशय झाली. ह्या बदलांनीं लाखो माणसांच्या चुली पेटल्या. त्याबद्दल तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. मात्र चराऊ रान तुटलें, रस्ते मोटारींचे झाले, आणि कित्येक वाड्यांचें बिऱ्हाड टेम्पोंतून जाऊं लागलें. देशभराचें चित्र तेंच आहे. २०१२ च्या पशुगणनेंत घोडीं-तट्टें मिळून सुमारें ६.२५ लक्ष होतीं. २०१९ च्या गणनेंत तीं ३.४ लक्ष भरलीं. सात वर्षांत जवळजवळ निम्मीं!

अशा स्थितींत, बारामतीच्या अश्वपालकांनीं आणि शास्त्रज्ञांनीं केलेल्या खटपटीस जानेवारी २०२४ मध्यें यश आलें. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी इत्यादि जातींच्या मालिकेंत ती आठवी. त्याआधींच, २०२३ सालीं, राजा बढे यांचें 'जय जय महाराष्ट्र माझा' हें गीत राज्यगीत झालें, आणि त्यांत भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख असल्यामुळें आज शाळेंतील प्रत्येक मूल त्यांचें नांव घेतें. नांव ओठांवर आलें, दप्तरीं चढलें. परंतु दप्तरानें पोट भरत नाहीं. जातीची नोंद होते ती तरण्या, सुलक्षणी, पैदाशीच्या जनावरांच्या बळावर. जें लंगडलें, ज्याचे दांत झिजले, त्याला कोणती नोंद?

ह्या प्रश्नाला सरकारापेक्षां समाजानेंच वेळोवेळीं उत्तर दिलें आहे. मुंबईंत सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून १८३२ सालीं दंगा झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें तेथील पांजरपोळ निघाली. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी मंडळी मुंबईंत स्थापन झाली. परदेशांतही असेंच घडलें. पहिलें महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश फौजेनें आपले कित्येक घोडे मिसर देशांत विकून टाकले. १९३० सालीं कैरो येथें आलेल्या डोरथी ब्रुक ह्या बाईस ते घोडे, हाडांचे सांपळे होऊन, रस्त्यावर गाडे ओढतांना दिसले. तिनें १९३१ सालीं लंडनच्या वृत्तपत्रांत पत्र लिहिलें, लोकांनीं पैसे पाठविले, आणि कांहीं वर्षांत सुमारें पांच हजार घोडे विकत घेतले गेले. १९३४ सालीं तेथें इस्पितळ उभें राहिलें. त्यांतले बहुतेक घोडे जगण्यापलीकडे गेले होते. त्यांना मऊ बिछायत, पोटभर चारा आणि कांहीं दिवसांची विश्रांति देऊन शांतपणें मरण दिलें गेलें. ज्या देशासाठीं ते लढले त्यानें त्यांना विकलें. एका बाईनें त्यांचें शेवटचें देणें फेडलें.

आपल्याकडे २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हां त्या घोड्यांचें व त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचें पुढें काय, हा प्रश्न असाच उभा राहिला. गाडी बंद करणें सोपें. घोडा बंद करितां येत नाहीं. तो पंचवीस-तीस वर्षें जगतो.

येथें कोणी विचारील, आणि त्यानें विचारावें असेंच आम्हांस वाटतें, कीं ज्या तालुक्यांत उन्हाळ्यांत माणसांस टँकरचें पाणी मिळतें, तेथें बिनकामाचें घोडें पोसणें ही श्रीमंतांची हौस नव्हे काय? ह्या आक्षेपांत तथ्य आहे. घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड-दोन टक्के कोरडी वैरण रोज लागते. दीड-दोन महिन्यांनीं खूर साळावे लागतात. त्याला ओकारी होत नसल्यामुळें साधा पोटशूळही जीवावर बेततो. उसाचें वाढें टाकून निभावेल असें हें जनावर नव्हे. दयेच्या उमाळ्यांत घोडा घरीं आणून वर्षभरानें त्याला दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें ही दया नव्हे. तो केवळ क्रौर्याचा पुढचा हप्ता होय. म्हणूनच मास्तरांकडून लिहून घेतलेला तो कागद आम्हांस आतां शहाणपणाचा वाटतो. शिवाय, माळावर घोडा राखणाऱ्या धनगराचें चराऊ रान आणि त्याचा पशुवैद्य आधीं, हौशी माणसाचा तबेला मागाहून, हा क्रमही विसरतां कामा नये. महाराजांनीं घोड्याची काळजी करितांना रयतेची काळजी सोडली नव्हती.

परंतु 'बिनकामाचें' ह्या शब्दाशीं मात्र आम्ही सहमत नाहीं. आणि ह्याचें कारण सांगतांना आम्हांस घरची एक गोष्ट उघड करावी लागते. आमचे आजोबा वैद्य होते आणि एका तांबूस घोडीवरून गांवोगांव फिरत. मोटारीचा रस्ता झाला, घोडीचे गुडघे धरले, आणि एका बाजारांत ती विकली गेली. आमचे वडील तेव्हां लहान होते. पुढें ते साठ वर्षें जगले, परंतु त्या घोडीविषयीं आमच्याशीं एकदांच बोलले. बाजारांतून परततांना ती मागें वळून खिंकाळली, आणि आजोबा भरभर चालूं लागले, एवढेंच त्यांनीं सांगितलें. आजोबा निर्दय नव्हते. त्यांनीं रुग्णाकडून क्वचितच पैसे मागितले. त्यांच्यापुढें एकच अडचण होती: थकलेल्या घोडीला ठेवावयास कारण काय, हें त्यांना स्वतःलाही सांगतां आलें नसतें. आम्हीं मास्तरांना जो प्रश्न विचारला, तो आमच्या घरांत सत्तर वर्षें बिनउत्तर पडला होता.

त्याचें उत्तर ह्याच मुलखांत दरवर्षीं दिलें जातें. आषाढींत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीस येते. तेथें मेंढरें तिच्याभोंवतीं फिरतात. पुढें बेलवाडीस गोल रिंगण होतें. दोन अश्व धांवतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते. त्या मोकळ्या पाठीवर कोणी माणूस बसत नाहीं, तिच्यावर ओझें नाहीं, तिचा कोणास उपयोग नाहीं. आणि हजारों शेतकरी, धनगर, बायाबापड्या त्याच अश्वाच्या टापांखालची माती उचलून कपाळीं लावितात. तो केवळ दुसऱ्या घोड्याबरोबर धांवतो, ह्याहून अधिक त्याच्याकडून कोणी मागत नाहीं.

परवां मास्तरांकडे पुन्हा जाणें झालें. पाऊस नुकताच येऊन गेला होता. घोडा ठाणावर आडवा होऊन गाढ झोंपला होता, आणि ती अधू घोडी, दुखरा पाय किंचित् उचलून, त्याच्याजवळ उभी होती. ह्या खेपेस आम्हीं मास्तरांस कांहीं विचारलें नाहीं.